लेकीला आधी सांगा, मग सुशी मागवा

पत्र: लेकीला नोकरी लागून वर्ष झालं. माझ्या वाढदिवसाला ती आम्हा दोघांना सुशी खायला नेणार आहे, टेबलही राखून ठेवलंय. तिचा उत्साह बघून मी 'हो, जाऊ या की' म्हणून बसले आणि आता झोप उडाली आहे. मी मासे आवडीने खाते, पण शिजवलेले. कच्चा मासा तोंडात घ्यायचा या विचारानेच पोटात ढवळतं. तो बाधणार नाही ना? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. चॉपस्टिक्स आयुष्यात धरल्या नाहीत. घास तोंडात घेतला आणि गिळवलाच नाही, तर सगळ्यांदेखत काय करायचं? आणि आमचे हे शाकाहारी, ते तिथे काय खाणार? लेकीचा हिरमोड करायचा नाही, पण वाढदिवसाच्या रात्री आजारीही पडायचं नाही. काहीतरी कारण काढून टाळू का? – धास्तावलेली आई

उत्तर:

ताई, टाळू नका, जा. पण त्याआधी लेकीला फोन करा आणि जे मला लिहिलंत ते तिला सांगा.

कच्च्या माशाची धास्ती तुम्ही मला इतकी सविस्तर कळवलीत आणि जिने टेबल राखलंय तिला मात्र 'जाऊ या की' एवढंच म्हणालात. लेकीचं मन जपायला तुम्ही गप्प बसलात हे कळतं, पण या जेवणात गप्प बसणं तुम्हालाच महागात पडेल. कारण मागवणार ती आहे. आई उत्सुक आहे असं समजून ती आपल्या आवडीचं मिश्र ताट मागवेल. अशा ताटात कच्चा सामन, कच्चा ट्यूना, व्हिनेगरात मुरवलेला, बांगड्याच्या जातीचा उग्र वासाचा साबा आणि तोंडात फुटणारी सामनची गाभोळी असं सगळं शेजारीशेजारी येऊ शकतं. नवख्या माणसाने त्यातलं नेमकं चुकीचं उचललं की सुशी आयुष्यातून बाद. 'एकदा खाल्ली होती, नको रे बाबा' म्हणणाऱ्यांना मी नेहमी विचारते की पहिला घास कशाचा होता. उत्तर बहुतेक वेळा साबा, स्क्विड म्हणजे माकूल, किंवा वसाबी नावाच्या झणझणीत हिरव्या लगद्याचा मोठा गोळा असं काहीतरी निघतं.

फोनवर तिला आणखी एक विचारा: टेबल नेमकं कशासाठी राखलंय? ओमाकासे नावाची एक पद्धत असते. त्यात आपण काही मागवायचं नसतं. त्या दिवशी जे उत्तम असेल ते शेफ आपल्या क्रमाने एकेक करून समोर ठेवत जातो. सुशीची गोडी लागलेल्यांना ती पर्वणी वाटते. तुमच्यासाठी मात्र ती पहिल्या खेपेला योग्य नाही, तुमच्या शाकाहारी यजमानांसाठी तर अजिबात नाही. तसं असेल तर लेकीला साधं टेबल घ्यायला सांगा, म्हणजे यादी बघून हवं ते मागवता येईल. फिरत्या पट्ट्यावरून बशा येतात तशी जागा मिळाली तर उत्तमच, कारण समोरून जाणारा घास आधी डोळ्यांनी बघायचा आणि पटला तरच उचलायचा. ही युक्ती योशिआकी शिराईशी यांची. बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा बघून त्यांना ती सुचली आणि १९५८ मध्ये ओसाका भागात त्यांनी अशी पहिली जागा उघडली. नवख्यांवर त्यांनी केवढे उपकार केलेत, याची त्यांना कल्पना असेल का कोण जाणे.

आता तुमच्या मुख्य भीतीकडे येते. सुशी खायची म्हणजे कच्चा मासा खायचाच, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. सुशीला सुशीपण येतं ते भातामुळे. आखूड दाण्याचा, जरा चिकट होणारा तांदूळ शिजवून त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवतात, त्या भातामुळे. त्याच्यावर किंवा त्याच्यात जे येतं ते कच्चं असू शकतं, उकडलेलं, भाजलेलं किंवा मुरवलेलं असू शकतं, नुसती काकडीही असू शकते. भाताशिवाय कच्च्या माशाचे नुसते काप येतात त्याला साशिमी म्हणतात. यादीत तो शब्द दिसला की त्या दिवसापुरता सरळ पुढच्या ओळीवर जा.

इथे एक शंका तुमच्या मनात येईल: शिजवलेलीच मागवली तर ती 'खरी' सुशी खाल्ल्यासारखी होईल का? बरोबरचं कोणीतरी नाक मुरडेल का? मुरडू दे. या पदार्थाचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. त्याची सुरुवातच मासा टिकवण्याच्या खटपटीतून झाली. खारवलेला मासा भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, मग मासा खायचा आणि भात बहुधा टाकून द्यायचा. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशी नावाने हा प्रकार अजून करतात. त्याचा वास इतका जबर असतो की त्यापुढे तुमच्या लेकीचा सामन म्हणजे अगदीच सोज्ज्वळ. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून गाडीवर लगेच खायला देण्याची पद्धत रुळली. तिच्या संदर्भात हानाया योहेई या सुशीवाल्याचं नाव घेतलं जातं. तो घास आजच्यापेक्षा बराच मोठा असे आणि घाईत असलेला गिऱ्हाईक उभ्या उभ्या खाऊन पुढे जाई. तेव्हा शीतकपाटं नव्हती. त्यामुळे वर ठेवायचा मासा सोया सॉसमध्ये मुरवलेला, मीठ आणि व्हिनेगर लावलेला नाहीतर शिजवलेला असणं ही रोजचीच गोष्ट होती. उकडलेली कोळंबी आणि गोडसर रसात शिजवलेला ईल नावाचा लांबुळका समुद्री मासा ही त्याच परंपरेतली मंडळी. आणि ज्या कच्च्या सामनशिवाय हल्लीच्या मुलांचं पान हलत नाही, तो सुशीत अलीकडे आलेला पाहुणा आहे. जपानी लोक सामन खात, पण जंतांच्या भीतीने भाजून किंवा खारवून. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला सामन जपानमध्ये खपवायची मोहीम उघडली आणि मग तो कच्चा खाण्याची पद्धत तिथे रुजली. तेव्हा कोळंबी मागवताना तुम्ही बिचकू नका.

तर त्या संध्याकाळचा क्रम मी असा लावेन. सुरुवात काकडीच्या रोलने. त्याला काप्पा माकी म्हणतात. भात, आत काकडी, बाहेर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पातळ काळा पापुद्रा, बस्स. हा घास फक्त ओळख करून घेण्यासाठी. भाताचा आंबटगोडपणा आणि नोरीचा समुद्री वास या दोन गोष्टी जिभेला आधी कळू द्या, म्हणजे पुढे कुठलाही घास आला तरी त्यातलं अर्धंअधिक ओळखीचं असेल. मग एबी, म्हणजे भातावर उकडलेली कोळंबी. मासे खाणाऱ्या माणसाला यात बुजण्यासारखं काही नाही. मग ईल. गोड्या पाण्यातला तो उनागी, समुद्रातला आनागो. वाम माहीत असेल तर लांबुळका आकार ओळखीचा वाटेल. उनागी गोडसर दाट सॉस लावून भाजलेला असतो, बऱ्याचदा कोमट वाढतात, आणि माझा अंदाज असा की त्या संध्याकाळी तुम्हाला सगळ्यात जास्त आवडेल तो हाच. त्याच्या कच्चेपणाची शंका तर मनात आणूच नका. ईलच्या रक्तात विषारी प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने निकामी होतात, म्हणून सुशीत तो शिजवूनच वाढतात. अंडं खात असाल तर तामागो हा गोडसर ऑम्लेटचा जाड तुकडाही घ्या.

एवढ्यावर थांबलात तरी तुम्ही सुशी खाल्लीत. लेकीला तसं खुशाल सांगा.

थांबावंसं वाटलं नाही, तर कच्च्याचा पहिला घास म्हणून तेक्का माकी घ्या. नोरी आणि भाताच्या आत लाल ट्यूनाची एक बारीक पट्टी असते. तुकडा लहान, मासा चारी बाजूंनी झाकलेला, म्हणजे डोळ्यांना त्रास नाही आणि दाताखाली भातच आधी येतो. बरेच लोक पहिल्यांदा सामन सुचवतात. तो मऊ आणि तेलकट असतो, काहींना लोण्यासारखा वाटतो, पण 'कच्चं' म्हटलं की ज्यांना गिळगिळीत स्पर्शाची शिसारी येते त्यांना तोच मऊपणा नकोसा होतो. तुमच्या पत्रावरून तुम्ही त्यांतल्या वाटता. ट्यूनाचा कमी चरबीचा लाल भाग, आकामी, जास्त घट्ट आणि कमी वासाचा असतो. तो जमला तर मग सामनचा एखादा तुकडा लेकीच्या बशीतून उचला, तिलाही बरं वाटेल. साबा, स्क्विड, समुद्री अर्चिन नावाचा काटेरी जीव आणि गाभोळी यांच्या वाटेला त्या दिवशी जाऊ नका. वाईट असतात म्हणून नव्हे, मला स्वतःला साबा फार आवडतो. पण ते सवयीने आवडणारे प्रकार आहेत.

बाधण्याचं विचारलंत ते बरं केलंत, कारण या बाबतीत लोक एकतर उगाच घाबरतात नाहीतर उगाच बेफिकीर असतात. धोके दोन वेगवेगळे आहेत, त्यांची गल्लत करू नका.

पहिला धोका जंतांचा. समुद्री माशांत अनिसाकिस नावाचा बारीक जंत सापडतो. जिवंत पोटात गेला तर तीव्र पोटदुखी आणि उलट्या होतात. त्यावरचा खात्रीचा इलाज म्हणजे माशाला पुरेसं गोठवणं. युरोपीय संघाच्या नियमांत कच्चा खायचा मासा उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास किंवा उणे ३५ ला किमान १५ तास ठेवायला सांगितलंय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा निकष आणखी कडक आहे, उणे २० ला सात दिवस. ट्यूनाच्या काही जातींना आणि ठरावीक खाद्यावर वाढवलेल्या माशांना अशा नियमांतून सूट मिळते, कारण त्यांच्यात हा धोका फार कमी असतो. म्हणून 'आमचा मासा गोठवलेला आहे' असं कोणी सांगितलं तर नाराज होऊ नका. ती चांगली बातमी आहे. जपानमध्येही दूरच्या समुद्रातला ट्यूना उणे ६० अंशांच्या आसपास साठवतात आणि जाणकार तो आवडीने खातात. वसाबी, व्हिनेगर किंवा मद्याने जंत मरतात हा मात्र गैरसमज आहे. तसंच मासळीच्या पाकिटावर 'सुशी ग्रेड' लिहिलेलं दिसतं, त्याला अमेरिकेत तरी कुठली कायदेशीर व्याख्या नाही. विक्रेता चांगला असेल तर त्या शब्दांना अर्थ, एरवी ती नुसती चिठ्ठी.

दुसरा धोका जिवाणूंचा, आणि गोठवल्याने तो जात नाही. तिथे फक्त स्वच्छता आणि अखंड थंडावा कामाचा. याचा अंदाज आपल्याला बसल्या जागी थोडाफार घेता येतो. दाराशी माशाचा उग्र वास भरलेला असेल तर तिथूनच मागे फिरा. चांगल्या सुशीच्या जागी समुद्राचा हलका वास येईल, किंवा व्हिनेगराचा. तुकडा ओलसर चमकदार हवा, कडा सुकलेल्या किंवा काळवंडलेल्या नकोत. ट्यूना किंवा साबासारख्या माशाचा घास घेतल्यावर जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरली आणि वसाबी त्यात नव्हती, तर तो घास सोडा. हे मासे थंडाव्यात नीट ठेवले नाहीत की त्यांत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही.

घरी हौसेने बाजारातला मासा आणून असलं काही करायचा विचार मनात आला तर तो सोडून द्या. घरचं फ्रीझर साधारण उणे १८ अंशांपर्यंतच जातं. गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा खाण्याचा विषयच नको, त्यातले जंत वेगळे आणि जास्त चिवट.

तुमच्या रक्तदाबाचा संबंध कच्च्या माशापेक्षा सोया सॉसशी आहे. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. भातात मीठ असतं ते वेगळंच. तेव्हा बशीत सॉसचं तळं करू नका, नाण्याएवढा थेंब पुरे. कमी मिठाचा सॉस मिळतो का तेही विचारा. ईलवर आधीच सॉस असतो, त्याला आणखी बुडवायचं नसतं. तुमच्या बरोबर कोणी गरोदर असेल, कोणाची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी कमी झाली असेल, यकृताचा त्रास असेल, तर त्यांनी कच्च्या घासाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. तुमचीही दुसरी काही औषधं चालू असतील आणि पत्रात लिहायची राहिली असतील, तर तो फोनही करून टाका.

चॉपस्टिक्सची चिंता सगळ्यात हलकी. भाताच्या गोळीवर मासा ठेवलेली निगिरी सुशी हाताने खाल्लेली चालते, जपानमध्येही. म्हणूनच जेवणाआधी हात पुसायला ओला टॉवेल देतात. रोलही हाताने उचला. गोळी जरा तिरकी करून माशाची बाजू सॉसला लावायची. भाताची बाजू बुडवली तर भात सॉस पितो, गोळी बशीतच सुटते आणि घास खारट होतो. मग अख्खा घास एकदम तोंडात. मोठा वाटला तर पुढच्या वेळी 'भात थोडा कमी' असं आधीच सांगावं, सुशीवाल्यांना ही विनंती नवी नसते. चॉपस्टिक्स वापरून बघायच्याच असतील तर दोन गोष्टी पाळा: त्या भातात उभ्या खोचू नका, आणि एकाच्या चॉपस्टिक्सवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्सवर घास देऊ नका. जपानी अंत्यविधीत भाताच्या वाडग्यात अशा काड्या उभ्या करतात आणि अस्थी अशाच एकाकडून दुसऱ्याकडे देतात, म्हणून जेवताना ते अशुभ वाटतं. बाकी तुमची बोटं वेडीवाकडी धरली गेली तर कोणी बघणारही नाही.

बशीच्या कोपऱ्यातला हिरवा गोळा म्हणजे वसाबी. तो चटणी समजून उचलू नका, एवढीच कळकळीची विनंती. बहुतेक ठिकाणी मिळते ती वसाबी खरी नसतेच, हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतं. खरी वसाबी म्हणजे वाहत्या थंड पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीचा जाड दांडा. तो किसल्यावर झणका पाव तासात उतरायला लागतो, म्हणून ती ऐनवेळी किसतात. दोन्हींचा तिखटपणा मिरचीसारखा जिभेवर रेंगाळत नाही, सरळ नाकात चढतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि काही क्षणांत ओसरतो. निगिरीत मासा आणि भात यांच्यामध्ये शेफ बऱ्याचदा ती आधीच लावतो. तुम्ही पहिल्यांदाच खाताय तेव्हा 'वसाबी वेगळी द्या' सांगा. शेजारचे आल्याचे गुलाबी किंवा पिवळसर पातळ काप दोन घासांच्या मधे चघळायचे, आधीच्या माशाची चव पुसायला. सुशीवर ठेवून खायचे नाहीत. ठेवलेत तरी आभाळ कोसळणार नाही, फक्त आल्याशिवाय काही लागणार नाही.

आता गिळवलंच नाही तर? ताई, हाच प्रश्न तुम्ही सगळ्यात भीतभीत विचारला असणार. शांतपणे कागदी रुमाल तोंडाशी न्यायचा, घास त्यात घ्यायचा, रुमाल दुमडून बशीच्या कडेला ठेवायचा, चहाचा घोट घ्यायचा. कारणं द्यायची नाहीत, माफी मागायची नाही. 'हा नाही जमला, दुसरा बघू' एवढं पुरे. डोळे मिटून, न चावता, औषधासारखा घास ढकलायचा प्रयत्न मात्र करू नका. घशात अडकायची भीती असते, आणि चव न कळता नुसती शिसारी लक्षात राहते. पहिल्या दोन चावण्यांत भात विस्कटतो आणि मासा त्यात मिसळतो. बहुतेकांची भीती तिथेच सैल पडते. नाही पडली तर रुमाल आहेच.

एक मात्र बघा. भात गार आणि कडक लागला, दाणे सुटे आणि कोरडे लागले, तर तो दोष तुमच्या जिभेचा नाही. सुशीचा भात साधारण अंगाइतक्या कोमटपणाला चांगला लागतो. शीतकपाटात ठेवला की तो ताठरतो. तयार डब्यातल्या गारढोण सुशीवर पहिलं मत बनवणाऱ्यांची मला नेहमी कीव येते.

यजमानांचं ताट फोनवरच ठरवायला हवं, कारण त्यांच्यासाठी खरी अडचण माशाचे तुकडे ही नाही, ते दिसतात तरी. अडचण दाशीची. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांपासून केलेला हा अर्क जपानी स्वयंपाकात पाण्यासारखा वापरतात. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपमध्ये तो असतो, तामागोत असतो, इनारी नावाच्या गोड तोफूच्या पिशव्या बऱ्याचदा त्यात शिजवतात, भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या सुकवलेल्या पट्ट्यांचा काम्प्यो रोलसुद्धा त्यातून सुटेल असं नाही. म्हणून 'मासा नको' एवढं सांगून भागत नाही. 'माशाचा अर्कही नको' असं स्पष्ट सांगावं लागतं. दुसरा चकवा म्हणजे क्रॅब स्टिक. ती पांढऱ्या माशाच्या लगद्याची असते, आणि रोलमध्ये भाजीच्या शेजारी इतकी निरागस दिसते की शाकाहारी माणूस बिनदिक्कत खाऊन मोकळा होतो. तळलेलं काही मागवलं तर कोळंबी त्याच तेलात तळलेली असू शकते. त्यांना सुरीचा आणि फळीचाही विटाळ वाटत असेल तर ते आदल्या दिवशी कळवा, ऐन गर्दीत नवी फळी निघणार नाही. बाकी काकडी, अवोकाडो, मुळ्याचं पिवळं लोणचं, शिसो नावाची सुवासिक पानं आणि उमे नावाचं आंबट जपानी फळ यांचे रोल त्यांच्यासाठी आहेत. नोरी हे समुद्री शेवाळ, त्याला हरकत नसावी.

नोरीवरून आठवलं. यजमान काकडीचा रोल हातात घेऊन 'हे काळं काय आहे' असं विचारतील, तेव्हा सांगायला एक गोष्ट देते. या शेवाळाचं बी समुद्रात कुठून येतं हे शेती करणाऱ्यांनाच माहीत नव्हतं, पीक कधी यायचं, कधी बुडायचं. कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश संशोधिकेने १९४९ मध्ये दाखवून दिलं की त्याच्या आयुष्याचा एक टप्पा शिंपल्यांच्या आत दडून जातो. त्यावरून जपानमध्ये नोरीचं बी हवं तेव्हा तयार करता येऊ लागलं. क्यूशू बेटावर त्या बाईंचं स्मारक उभारलंय. आज जगभर रोल गुंडाळले जातात त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

लेकीशी बोलताना 'तुझ्यासाठी मी काहीही खाईन' हे वाक्य टाळा. ते ऐकून तिला प्रत्येक घासाला तुमचा चेहरा बघत बसावं लागेल आणि तिचं जेवण वाया जाईल. त्याऐवजी सांगा: मला शिजवलेल्यापासून सुरू करायचंय, एक कच्चा तुकडा मी माझ्या वेळेने घेईन, नाही घेतला तर आग्रह करायचा नाही, आणि बाबांसाठी माशाच्या अर्काचं आधी विचारून ठेव. तू मात्र तुझं हवं ते खा. टेबलावर उदोन, म्हणजे जाड गव्हाच्या शेवयांचं सूप, किंवा भाज्यांचं गरम काहीतरी असू दे, म्हणजे कोणी उपाशी उठणार नाही, फक्त यजमानांच्या वाडग्यात तीच दाशी नाही ना ते बघा.

आणि शेवटी उरलेल्या तुकड्यांकडे बघून तुमचा हात डबा मागायला पुढे होईल, तो आवरा. कच्चा मासा घरी नेईपर्यंत गरम होतो, तर भात शीतकपाटात दगड होतो. थोडं थोडं मागवा, लागलं तर पुन्हा मागवा. तरीही उरलंच तर लेकीच्या बशीत सारा. तिच्या वयाला चार तुकडे जास्त होत नाहीत.